चौकटीच्या कडेला

फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे साडेसहा. कुंभारगावच्या काठावर अजून पुरतं उजाडलेलं नाही. उजनीचं पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं, ते कळत नाही. त्या धुक्यातून मधूनच गँ-गँ असा आवाज येतो आणि चहाच्या टपरीजवळ उभी असलेली सगळी डोकी एकदम तिकडे वळतात. त्या वळण्यावरूनच मी ओळखतो, ही आपली माणसं.

पण कोण कोणतं, ते मात्र कळत नाही. सहा वर्षं आम्ही एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आहोत. रोज फोटो टाकतो, रोज एकमेकांचे पाहतो, कोणता पक्षी यावरून भांडतो. चेहरा मात्र कुणीच कुणाचा पाहिलेला नाही, कारण झाडून सगळ्यांच्या डीपीवर पक्षी आहेत.

“आपण खंड्या का?” कानटोपी घातलेले एक गृहस्थ मला विचारतात.

“नाही, मी दयाळ. साताऱ्याचा.”

“अरे! तिरके तुम्ही!”

माझे फोटो तिरके येतात. क्षितिज उजवीकडे उतरतं, काही केल्या सरळ होत नाही. एकदा मी कास तलावाचा फोटो टाकला होता, त्यावर ग्रुपच्या ॲडमिन सरांनी लिहिलं होतं, “सातारकर, तळं सांडतंय.” तेव्हापासून ग्रुपवर माझं नाव तिरके. कानटोपीवाले गृहस्थ कोण, हेही मला आता कळतं. त्यांच्या हातात दुर्बीण आहे आणि दुर्बिणीच्या पट्ट्याला निळ्या सुतळीची गाठ मारलेली आहे. ती सुतळी मी ओळखतो. सोलापूरच्या एका गच्चीवर काळ्या टाकीचा पाइप त्याच सुतळीने बांधलेला आहे. पोपट, साळुंक्या, एकदा तर शिक्रा, सगळे त्या टाकीवर बसून फोटोत आलेले.

“टाकीवाले काका,” मी म्हणतो. काका खूश होतात. मग आमच्यात तो खेळच सुरू होतो. ज्याचं नाव आठवत नाही, त्याच्या फोटोतली वस्तू आठवते. एक जण लाल कुंडीवाले. एक जण कायम गाडीच्या काचेतून फोटो काढणारे, काचेवर वायपरचा अर्धगोल. पनवेलहून आलेल्या ताईंना मी विचारतो, “लेक आता तिसरीत ना?”

ताई चपापतात. “तुम्हाला कसं माहीत?”

कसं माहीत म्हणजे? त्यांच्या बाल्कनीच्या कठड्यावर बुलबुल येतो, शिंजीर येतो, शिंपी येतो, आणि मागे दोरीवर कपडे वाळत असतात. सहा वर्षांपूर्वी त्या दोरीवर लहान लहान फ्रॉक होते. मग बालवाडीचा चौकड्यांचा गणवेश आला. मग निळा पिनाफोर, दरवर्षी थोडा लांब. त्या मुलीचा एकही फोटो ग्रुपवर आलेला नाही आणि तिला वाढताना आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ताई आधी हसतात, मग थोड्या गप्प होतात. “आता दोरी बघूनच फोटो टाकावा लागेल,” त्या म्हणतात. त्यांचं चुकत नाही.

हे सगळं ऐकत सर उभे आहेत. नगरचे निवृत्त मुख्याध्यापक, ग्रुपचे ॲडमिन. उंच, बारीक, स्वेटरवर जाकीट, जाकिटाच्या खिशात वही. ग्रुपचा नियम त्यांचा आहे आणि तो कडक आहे: फक्त पक्षी. सुप्रभात नाही, सणवार नाही, वाढदिवस नाही, स्वतःचे फोटो तर मुळीच नाहीत. एका दिवाळीत मी अंगणातल्या मातीच्या किल्ल्याचा फोटो टाकला होता. चार मिनिटांत उडवला. मी रागाने लिहिलं, किल्ल्यावर घार आहे, मातीची का होईना. त्यावर उत्तर आलं नाही.

“कपडे, टाक्या, कुंड्या,” सर आता म्हणतात, “म्हणजे सहा वर्षं तुम्ही पक्षी सोडून हेच पाहत होता?”

“पक्षी तुम्ही पाहत होता, सर,” टाकीवाले काका म्हणतात. सर हसू दाबतात.

सात वाजता आम्ही होड्यांत बसतो. एकूण नऊ माणसं, दोन होड्या. आमच्या होडीत सर, टाकीवाले काका, पनवेलच्या ताई, नाशिकहून आलेली एक तरुण मुलगी आणि मी. होडी चालवणारे मामा पन्नाशीचे आहेत, डोक्याला मफलर, पाय अनवाणी. मोटर सुरू होते, बोलणं बुडून जातं. धुकं हळूहळू उचलतंय. पाण्यातून वाळलेल्या बाभळींचे शेंडे वर आलेत, त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेत. जाळ्यांसाठी रोवलेल्या बांबूंच्या रांगा, प्रत्येक बांबूवर कुणी ना कुणी. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो, मग दगडासारखा खाली पडतो.

मामा मोटर बंद करतात आणि लांब बांबू हातात घेतात. “आता हलू नका. बोलायचं बी हळू.”

पाणी इथे गुडघ्याएवढंही नसेल. मामा बांबूने होडी ढकलतात, बांबू चिखलातून निघताना पचक असा आवाज होतो. शेकाट्यांचा थवा लांब लाल पायांवर उभा आहे. त्यांच्यापलीकडे थापटे, हळदी-कुंकू बदकं, आणि मघाशी धुक्यातून ओरडत होते ते पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, कुणी काजळाचं बोट ओढावं तसे. हिमालय ओलांडून हे इथे येतात आणि इंदापूर तालुक्यातल्या हरभऱ्यात चरतात. मी कॅमेरा उचलतो. क्षितिज तिरकंच येतं.

आणि मग रोहित. ते दिसतात तेव्हा होडीतला प्रत्येक जण वेगळं काहीतरी करतो. काका दुर्बीण खाली करून नुसत्या डोळ्यांनी बघतात. ताई सुस्कारा सोडतात. सर मोजायला लागतात. शंभरेक असतील. चोच उलटी पाण्यात घालून ते पावलापावलाने सरकताहेत, उभे असताना दुरून पाहिलं तर फिकट, जवळजवळ पांढरे. दुसरीकडून एक मोठी होडी जरा जास्तच जवळ जाते, तिच्यातून कुणीतरी कुरवांना शेव फेकतंय आणि मोबाइल उंच धरतंय. कुरव कलकलाट करत तुटून पडतात आणि त्या गोंधळाने रोहित उठतात. माना लांब, पाय लांब, आणि पंख उघडताच आतला गुलाबी-लाल रंग काळ्या किनारीसकट पेटतो. अग्निपंख म्हणतात ते उगाच नाही. दृश्य अप्रतिम आहे आणि मला त्या शेववाल्याचा संताप आलाय, दोन्ही एकाच वेळी. फोटो मी काढतोच. हे कबूल केलेलं बरं.

“सोय लावलीया लोकांनी,” मामा म्हणतात. “कुरव मासं धरायचं इसरल्यात आता.”

नाशिकची मुलगी उडत्या थव्याचे फोटो घेतेय. ग्रुपवर सगळ्यात सुंदर फोटो हिचे असतात, आणि त्यांच्या कडेला कधीच काही नसतं. टाकी नाही, दोरी नाही, खिडकी नाही. पक्षी, आणि मागे धूसर हिरवं. काका तिला तसं म्हणतात, कौतुकाने. ती कॅमेरा मांडीवर ठेवते.

“मी कापते, काका. टाकायच्या आधी सगळ्या कडा कापते.” मग थोडं थांबून सांगते. कॉलेजात असताना तिने एका ट्रेकचा स्वतःचा फोटो मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला होता. चाळीस-पन्नास जण, सगळे ओळखीचे. तिथून तो कुणीतरी उचलला आणि भलत्याच नावाच्या खात्यावर लावला. सहा महिने निस्तरण्यात गेले. “तेव्हापासून माझा फोटो नाही, माझ्या घराचा नाही, सावलीचासुद्धा नाही.”

होडीत कुणी काही बोलत नाही. सर वहीतून मान वर करून तिच्याकडे पाहतात. मला एकदम उमगतं की सरांच्या नियमाला मी सहा वर्षं खडूसपणा समजत आलो. त्यांचा आणखीही एक नियम आहे, त्याचं कारण ग्रुपवरच्या जुन्या मंडळींना माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एकाने शृंगी घुबडाच्या घरट्याचा फोटो टाकला. पिसांची रेघ न् रेघ दिसावी म्हणून त्याने तो डॉक्युमेंट करून पाठवला. मोबाइलने फोटो काढला की त्या फाइलीच्या पोटात तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांश जाऊन बसतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही नोंद गळून पडते, फोटोही दाबून लहान होतो. डॉक्युमेंट केला तर सगळं जसंच्या तसं पोचतं. त्याने जागेचं नाव लिहिलं नव्हतं, लिहायची गरजच उरली नव्हती. पुढच्या रविवारी त्या ओढ्याकाठी चार गाड्या उभ्या होत्या. त्या वर्षी तिथून पिल्लू उडालं नाही. तेव्हापासून ग्रुपवर घरट्यांचे फोटो बंद आणि डॉक्युमेंटही बंद. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ई-बर्डवरसुद्धा काही नाजूक जातींच्या जागा झाकून ठेवतात, हे सर तेव्हा महिनाभर सांगत होते.

नियम घुबडासाठी केला, तो या मुलीलाही लागू पडला. ती म्हणूनच इथे टिकली असेल.

मामा होडी वळवतात. ऊन चढलंय, पाणी चकाकतंय. ताई त्यांना विचारतात, तुम्ही मूळचे इथलेच का. मामा बांबूनेच पाण्याकडे दाखवतात. धरण 1980 साली पुरं झालं, त्या पाण्याखाली त्यांच्या वडिलांचं घर आहे. “ह्या अंगालाच कुठंतरी. वाडा न्हवं, साधं माळवदाचं.”

“फोटो असेल ना घराचा?” काका विचारतात.

“फोटू कुठला? तवा कॅमेरा कुणाकडं हुता?” मामा हसतात. “आता बघा, रोज शंभर कॅमेरे येत्यात. माझं बी लै फोटू काढल्यात लोकांनी, बांबू घेतलेलं, जाळं टाकतानाचं. म्हनत्यात, मामा, पाठवतो. एकबी घावला न्हाई अजून.”

मी खाली बघतो. मघाशीच मी एक काढलाय. धुकं, होडीचं नाक आणि पाठमोरे मामा. ग्रुपवर टाकता आला नसता, पण बायकोला दाखवायला म्हणून काढला होता. मामांना विचारलेलं नव्हतं. पाठमोरं माणूस म्हणजे जणू माणूसच नव्हे.

काठावर परत येतो तेव्हा साडेनऊ झालेत. दुसरी होडीही आलीय. टपरीशेजारच्या घरी पोहे सांगितलेत. पोहे येईपर्यंत सर यादी वाचतात आणि आम्ही आकड्यांवर वाद घालतो. आज ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचा तिसरा दिवस. 1998 साली अमेरिकेत सुरू झालेली ही मोजणी 2013पासून जगभर होते. किमान पंधरा मिनिटं एका जागी बसा, दिसेल ते मोजा, कळवा. गच्चीवरून, बसस्टॉपवरून, कुठूनही. पक्षी बघायला जंगल लागतं असं समजणाऱ्यांची यात फार पंचाईत होते.

तेवढ्यात ग्रुपवर आजची पहिली यादी येते, आमची नव्हे. इचलकरंजीच्या काकूंची. ‘खिडकी. 15 मिनिटं. चिमणी 6, तांबट 1, साळुंकी 4, घार 2.’ सोबत तांबटाचा फोटो.

काकू येऊ शकणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. दोन वर्षं त्यांचे सगळे फोटो एकाच खिडकीतून येतात. हिरवे गज, त्यातला एक वाकलेला. बाहेर गुलमोहराची एकच फांदी. आणि फोटोचा कोन खालून वर, उभं राहिलेल्या माणसाचा नव्हे. गज खाली जाड दिसतात, वर आभाळ जास्त. पहिले काही महिने आम्ही फक्त पक्षी पाहिले. कोन कधी ध्यानात आला, ते सांगता येणार नाही. त्या मधूनमधून पक्ष्यांचे आवाजही पाठवतात. मागे यंत्रमागांची खटखट अखंड चालू असते आणि तिच्यातून तांबटाचं टुक-टुक ऐकू येतं. आधी त्या नदीकाठी, शिरोळपर्यंत जाऊन फोटो काढायच्या. मग तीन महिने काहीच नाही. मग ही खिडकी. तिच्यातून त्यांनी 43 जाती नोंदवल्यात. मी साताऱ्यात दोन्ही पायांवर हिंडून त्याच्या फार पुढे नाही.

काकूंचा दुसरा निरोप येतो. ‘तुम्ही सगळे एकत्र आहात ना? पक्षी रोजच बघते. आज तुमचा फोटो टाका. सरांनी उडवायच्या आत बघून घेईन.’

आठ जण सरांकडे बघतात. सर पोह्यांवरचं लिंबू पिळत राहतात, गरजेपेक्षा बराच वेळ.

“ज्यांना चालणार नाही त्यांनी बाजूला व्हा,” ते शेवटी म्हणतात. मुख्याध्यापकाचा आवाज. “कुणी कारण विचारणार नाही.”

नाशिकची मुलगी हात पुढे करते. “मी काढते.” सर तिला स्वतःचा मोबाइल देतात. आम्ही आठ जण पाण्याकडे पाठ करून उभे राहतो, पोरं वर्गफोटोला राहतात तसे, पोट आत घेऊन. मामा लांब उभे आहेत. सर त्यांना हाक मारतात. मामा आधी नको म्हणतात, मग मफलर काढून केसांवरून हात फिरवतात आणि काकांच्या शेजारी येऊन ताठ उभे राहतात. ऊन मुलीच्या पाठीमागून येतंय. फोटो निघतो तेव्हा तिची सावली लांब होऊन आमच्या पायांपर्यंत आलेली असते, कोपरं वर काढलेली, हातात मोबाइल. ती फोटो बघते. सावलीही बघते. कडा कापायला तिचं बोट कोपऱ्यावर जातं.

“राहू दे,” ती म्हणते, “यात काही कळत नाही मी कोण ते.”

सर टाकतात. खाली ओळ लिहितात, ‘कुंभारगाव. माणसं 9, सावली 1.’ मग मामांचा नंबर विचारून त्यांनाही तोच पाठवतात. मीही माझा धुक्यातला पाठमोरा फोटो मामांना पाठवतो आणि न विचारता काढल्याचं सांगतो. मामा दोन्ही फोटो डोळ्यांजवळ धरून निरखतात. “ह्यो माझ्या पाठीचा चांगला हाय,” ते म्हणतात, “पर होडी पडाया लागलीया जनू.” काका मोठ्याने हसतात.

काकूंचा निरोप पोहे संपेपर्यंत येत नाही. चहा होतो, पैसे होतात. ताई दोनदा ग्रुप उघडून बघतात. सरांच्या मोबाइलवर निळ्या खुणा आलेल्या आहेत, उत्तर नाही. सर काहीच बोलत नाहीत, पण मोबाइल खिशात न ठेवता टेबलावर उताणा ठेवतात.

मग ठण्ण वाजतं. आम्ही सगळे वाकतो. काकूंनी लिहिलंय, ‘टाकीवाल्यांच्या डोक्यावरून मागे, डावीकडून तिसरा बांबू. त्यावर बसलाय तो कुरव आहे का हो? मोठं करून बघितलं तर फुटतंय. सर, तेवढं डॉक्युमेंट करून पाठवा.’

तिसरा बांबू? आम्ही सगळे पाण्याकडे वळतो. बांबू रिकामा आहे. सर स्वतःच बंद केलेली ती खूण शोधतात, दोनदा चुकतात, मुलगी दाखवते. फाइल जाते. इकडे आम्ही मूळ फोटोवर बोटं फाकवतो. आठ चेहरे चौकटीबाहेर सरकतात, काकांची कानटोपी जाते, पाणी येतं, बांबू येतो. त्यावर पांढरा-करडा, माथा काळा, चोच जाड आणि पिवळीधमक, शेपटी लांब नि दुभंगलेली.

“सुरय,” मुलगी हळूच म्हणते.

“नदी सुरय,” सर म्हणतात.

अडीच तास दोन होड्यांतून आम्ही तो शोधत होतो, आणि तो आमच्या पाठीमागे बसून गेला. सर वही उघडतात, यादीच्या तळाशी लिहितात: नदी सुरय, 1. पुढे कंसात, इचलकरंजी.